खुब्याची रिंग फाटते तेव्हा

तिशीतल्या एखाद्या माणसाची जांघ दुखू लागते. कुठे पडलेला नसतो, मार लागलेला नसतो. सपाट रस्त्यावर चालताना फारसा त्रास होत नाही. पण गाडीतून उतरताना, वाकून बुटाची नाडी बांधताना, सिनेमा संपल्यावर खुर्चीतून उठताना जांघेत खोलवर कळ येते. नेमके कुठे दुखते असे विचारले तर तो बोटाने एक जागा दाखवत नाही. अंगठा मागे आणि चार बोटे पुढे जांघेत अशा रीतीने तो कमरेखालची ती बाजू पंजातच धरतो. अस्थिरोगतज्ज्ञांना ही खूण चांगली ओळखीची आहे. दुखणे वरवरच्या स्नायूत नसून खुब्याच्या सांध्याच्या आत असावे, असे ती सुचवते. साधा एक्स-रे बरेचदा ‘नॉर्मल’ म्हणून परत येतो. मग एमआरआय होतो आणि अहवालात एक नवा शब्द वाचायला मिळतो: लॅब्रल टेअर. खुब्यातला ‘लॅब्रम’ नावाचा भाग फाटला आहे.

फाटले आहे म्हणून दुखते आहे आणि शिवले की थांबेल, असा अर्थ कोणीही काढेल. पण २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासामुळे इतक्या सहज तसे म्हणता येत नाही. खुब्याची कसलीही तक्रार नसलेल्या ४५ माणसांचे एमआरआय त्यासाठी काढले होते. सरासरी वय अडतिशीच्या आसपास. त्यांच्यापैकी ६९ टक्के लोकांचा लॅब्रम फाटलेला निघाला. म्हणजे फाटका लॅब्रम घेऊन पुष्कळ माणसे सुखाने हिंडत-फिरत असतात. मग काहींनाच का दुखते? दुर्बिणीतून तो शिवला की नेमके काय सुधारते? आणि एकच शस्त्रक्रिया करून एक जण मैदानावर परततो, तर दुसऱ्याला थोड्याच काळात सांधा बदलावा लागतो, असे का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना टाक्यापेक्षा टाक्याच्या आजूबाजूच्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

दाब राखणारी कड

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसते. दोन्हीकडे गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि मध्ये वंगणाचे काम करणारा थोडासा द्रव. खोबणीच्या काठावर तंतुमय कूर्चेची एक कड बसवलेली असते. तिचा छेद घेतला तर ती त्रिकोणी दिसते: रुंद तळ हाडाच्या काठाला घट्ट चिकटलेला आणि पातळ टोक गोल हाडावर अलगद टेकलेले. हाच लॅब्रम.

अंगाचे वजन ही कड पेलत असेल असे वाटेल, पण निरोगी खुब्यात वजनाचा फारच थोडा भाग तिच्यावर येतो. तिचे खरे काम समजायला घरातला प्रेशर कुकर पुरेसा आहे. झाकणातली रबरी रिंग भांड्याचे वजन पेलत नाही आणि डाळही शिजवत नाही. ती फक्त झाकण आणि भांडे यांमधली फट बंद करते. रिंग चिरली किंवा सैल पडली की कडेने वाफ जाते, आत दाब धरत नाही आणि डाळ कच्ची राहते. लॅब्रम ही खुब्याची रिंग आहे.

पाऊल टाकताना सांध्यावर भार येतो तेव्हा ही रिंग आतला द्रव बाहेर निसटू देत नाही. कोंडलेल्या द्रवामुळे भार सगळीकडे पसरतो आणि दोन्ही कूर्चा एकमेकींवर थेट घासत नाहीत. २००० साली स्टीफन फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर खुब्याचे प्रारूप तयार करून लॅब्रम असताना आणि नसताना काय होते ते तपासले. लॅब्रम काढून टाकल्यावर कूर्चेतले पाणी सुमारे ४० टक्के अधिक वेगाने पिळून बाहेर पडते आणि दोन कूर्चांमधला थेट दाब ९२ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे त्यात आढळले. रिंग गळू लागली की झीज का वाढते, ते यावरून कळते.

रिंगचे दुसरे काम पाय बाहेर ओढला जातो तेव्हाचे. त्या वेळी ती बाहेरचा द्रव आत शिरू देत नाही, आत निर्वात ओढ तयार होते आणि गोल टोक खोबणीत धरून ठेवले जाते. या ओढीची ओळख फार जुनी आहे. विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी १८३६ मध्ये माणसाच्या चालण्यावर एक ग्रंथ लिहिला. मृतदेहाच्या खुब्याभोवतीचे स्नायू आणि आवरण कापले तरी पाय सांध्यातून गळून पडत नाही. खोबणीच्या हाडाला भोक पाडून हवा आत जाऊ दिली की मात्र तो निसटतो, हे त्यांनी दाखवून दिले. भौतिकशास्त्रातले ‘वेबर’ हे एकक यांच्यापैकी विल्हेल्मच्या नावाचे.

लॅब्रमबद्दल आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्यात वेदना पोचवणारे मज्जातंतू असतात, त्यामुळे तो स्वतः दुखू शकतो. आणि त्याला रक्त मिळते ते मुख्यतः बाहेरच्या, आवरणाकडच्या बाजूने. आतल्या पातळ टोकाला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. म्हणून टोकाकडची चीर आपोआप भरत नाही. पण तळाशी हाडापासून सुटलेली कड पुन्हा हाडाला टेकवून धरली तर ती जुळू शकते. दुर्बिणीच्या दुरुस्तीची सगळी मदार या शक्यतेवर आहे.

कड फाटते कशामुळे?

अपघातात खुबा निखळला तर लॅब्रम फाटतो. पण तरुण रुग्णांत बहुधा कारण हाडाच्या घडणीत सापडते. हे ठळकपणे दाखवले स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद राइनहोल्ड गान्झ यांनी. शस्त्रक्रियेत खुबा पूर्ण निखळवला तर गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटून ते निर्जीव होईल, अशी भीती सर्जनना पूर्वी असे. गान्झ आणि त्यांच्या गटाने त्या रक्तवाहिन्यांचा मार्ग बारकाईने अभ्यासला, खुबा सुरक्षितपणे निखळवण्याची पद्धत बसवली आणि २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली. जिवंत माणसाचा खुबा सगळ्या बाजूंनी उघडा पाहता येऊ लागला आणि इजा कुठे होते, कशी होते याचा नकाशाच हाती आला. २००३ मध्ये त्यांनी मांडले की खुब्याच्या पुष्कळशा झिजेच्या मुळाशी हाडांची आपसातली टक्कर असते. वैद्यकीय भाषेत तिला ‘इम्पिंजमेंट’ म्हणतात.

टक्कर दोन प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात मांडीच्या हाडाचे टोक पुरेसे गोल नसते. गोल टोक आणि त्याखालची मान जिथे जुळतात तिथे पुढच्या बाजूला जादा हाडाचा उंचवटा असतो. याला ‘कॅम’ म्हणतात. मांडी पोटाकडे घेतली की हा उंचवटा खोबणीत घुसतो, कूर्चेला आतल्या बाजूने रेटतो आणि लॅब्रम व कूर्चा यांचा सांधा उसवत जातो. दुसऱ्या प्रकारात खोबणीचा काठच जास्त पुढे आलेला असतो. मांडी वर घेताना हाडाची मान त्या काठावर आपटते आणि मध्ये लॅब्रम चिरडतो. याला ‘पिन्सर’ म्हणतात. अनेकांत दोन्ही थोडे थोडे असतात. म्हणूनच बहुतेक लॅब्रम पुढच्या आणि वरच्या भागात फाटलेले दिसतात.

कॅम उंचवटा बहुधा वाढत्या वयात तयार होतो. हाडाची वाढ चालू असताना फुटबॉल, आइस हॉकी यांसारख्या खेळांचा जोरदार सराव करणाऱ्या मुलांत तो जास्त आढळतो. पण उंचवटा आहे म्हणजे आजार आहे, असे नाही. २०१५ च्या एका आढाव्यात काहीही तक्रार नसलेल्या खुब्यांपैकी सुमारे ३७ टक्के खुब्यांत आणि खेळाडूंच्या निम्म्याहून अधिक खुब्यांत असा आकार दिसला होता.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. कुकरच्या झाकणाचा काठ चेपलेला असेल तर नवी रिंगही काही दिवसांत त्याच जागी चिरते. तसेच, टक्कर तशीच ठेवून लॅब्रम शिवला तर टाके फार काळ टिकत नाहीत.

फोटोत दिसते तेच दुखते का?

२०१६ मध्ये ब्रिटनमधील वॉरिक येथे वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन इम्पिंजमेंटच्या दुखण्याच्या निदानाची व्याख्या ठरवली. तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: रुग्णाची विशिष्ट तक्रार, डॉक्टरांच्या हाताला तपासणीत सापडणाऱ्या खुणा, आणि एक्स-रे किंवा एमआरआयमधला पुरावा. नुसता फोटो पुरेसा नाही.

तपासणीत रुग्णाला उताणे झोपवून त्याची मांडी काटकोनात वर घेतात, मग गुडघा दुसऱ्या पायाकडे नेत पाऊल बाहेर वळवतात. सांध्याच्या आतल्या बहुतेक दुखण्यांत ही कृती कळ आणते. त्यामुळे ती नकारात्मक आली तर खुब्याबद्दलची शंका कमी होते, पण सकारात्मक आली म्हणून लॅब्रमवर दोष ठेवता येत नाही. शंका उरलीच तर सोनोग्राफी किंवा क्ष-किरणांच्या मदतीने सांध्यात भूल देणारे औषध सोडतात. थोड्या वेळासाठी का होईना, कळ थांबली तर तिचा उगम सांध्यात आहे, असे मानायला आधार मिळतो.

जांघ दुखण्याची इतर कारणेही दुर्लक्षून चालत नाहीत. हर्निया, पाठीच्या मणक्यातून येणारी कळ, मांडीच्या स्नायूंचे ताण, खुब्याचा क्षयरोग, आणि स्टेरॉइडच्या किंवा मद्याच्या परिणामाने गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटून होणारा ‘अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ यांपैकी कशानेही जांघ दुखू शकते. शेवटच्या आजारात सुरुवातीला एक्स-रे साफ असतो. म्हणून महिनोन्‌महिने जांघ दुखत असेल तर अंगावर काढू नये.

सांध्यात शिरताना

गुडघ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आता घरोघरी माहीत आहे. खुब्याची मात्र उशिरा रुळली आणि त्याला कारण आहे. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या वेगवेगळ्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली. गोल टोक आणि खोबण यांच्यामध्ये सुई घालणे शक्य नाही, असे त्यांचे मत झाले. १९३९ मध्ये जपानच्या केंजी ताकागी यांनी रुग्णांच्या खुब्यात दुर्बीण वापरल्याचे नोंदवले. पण पाय खेचून सांध्यात जागा करायची आणि मग आत शिरायचे, ही रीत पक्की बसायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

आज ती अशी चालते. पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करतात. पाऊल जाड पॅडिंगच्या बुटात बांधतात आणि खास टेबलाच्या साहाय्याने पाय हळूहळू खेचतात. त्याला ‘ट्रॅक्शन’ म्हणतात. सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना क्ष-किरणांचे चित्र दाखवणारे यंत्र, शेजारीच असते. मांडीच्या वरच्या टोकाशी बाहेर लागणारे जे हाड असते त्याच्या थोडे पुढून एक लांब सुई सांध्यात सरकवतात. सुईच्या आतली तार काढली की हवा आत जाते. त्याच क्षणी पडद्यावर काळी फट उमटते आणि गोल टोक खोबणीपासून आणखी सुटे होते. वेबर बंधूंनी दाखवलेला परिणाम इथे प्रत्येक शस्त्रक्रियेत डोळ्यांसमोर घडतो: रिंगने धरलेला निर्वात मोडल्याशिवाय सांधा नीट उघडत नाही.

जागा मिळते ती जेमतेम एक सेंटिमीटरची. त्या फटीतून तार, तारेवरून नळी, नळीतून दुर्बीण. पहिला प्रवेश सर्वांत जोखमीचा, कारण आत अजून काहीच दिसत नसते. सुई थोडी वर गेली तर लॅब्रमलाच भोक पडते, थोडी खाली गेली तर गोल टोकाच्या कूर्चेवर ओरखडा उठतो, आणि कूर्चेवरचा ओरखडा भरून येत नाही. दुसरे छिद्र मात्र आतून पाहत पाडतात. वापरायची दुर्बीणही सरळ बघणारी नसते; तिची नजर ७० अंशांनी वळलेली असते, म्हणून कोपऱ्यापलीकडचे दिसते.

पाय खेचून ठेवण्याचीही किंमत असते. दोन मांड्यांमधल्या आधाराच्या जाड खांबावर दाब येऊन तिथल्या मज्जातंतूला बधिरपणा येऊ शकतो. तो बहुधा तात्पुरता असतो. तरीही ताण शक्यतो दोन तासांच्या आत सोडतात. हल्ली काही ठिकाणी हा खांब न वापरता, डोक्याकडची बाजू खाली झुकवून आणि अंगाखाली न घसरणारे पॅड घालून काम करतात.

टाका किती घट्ट असावा?

आत गेल्यावर बोथट आकड्याने लॅब्रमची सगळी कड चाचपून पाहतात. मग तीनपैकी एक निर्णय होतो. चीर अगदी किरकोळ असेल तर नुसता लोंबणारा भाग साफ करतात. लॅब्रमचा पदर चांगला असून तळाशी हाडापासून सुटला असेल तर तो शिवतात. आणि तो इतका चिंधड्या झालेला किंवा अपुरा असेल की शिवण्यासारखे काही उरलेले नाही, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या पट्ट्यातून किंवा दात्याच्या ऊतीतून नवी कड तयार करून बसवतात.

शिवणे म्हणजे प्रत्यक्षात हाडाला जखडणे. आधी खोबणीचा काठ बारीक फिरत्या अवजाराने खरवडतात, तो ओलसर लाल होईपर्यंत. त्या रक्तामुळेच लॅब्रम तिथे धरतो. मग काठावर बारीक छिद्र पाडून त्यात ‘अँकर’ बसवतात. अँकर म्हणजे हाडात रुतणारी छोटीशी खुंटी, तिच्यातून दोरा बाहेर आलेला असतो. छिद्राची दिशा चुकली आणि ड्रिल सांध्याच्या आत निघाले तर कूर्चा बिघडते. म्हणून ड्रिल चालू असताना सर्जनची नजर कूर्चेवर खिळलेली असते. अँकर साधारण आठ ते दहा मिलिमीटरच्या अंतरावर बसवत जातात.

दोरा लॅब्रमभोवती वेढा घालून बांधता येतो किंवा लॅब्रमच्या तळातून आरपार ओवता येतो. ओवलेल्या टाक्यात पातळ टोकाचा मूळ आकार जास्त टिकतो, म्हणून अनेक सर्जन लॅब्रम जाड असेल तर तो पसंत करतात. रुग्णांच्या निकालांत मात्र दोन पद्धतींमध्ये ठोस फरक दिसलेला नाही. खरी कसोटी घट्टपणाची आहे. टाका फार आवळला तर लॅब्रम हाडावर उलटा वळतो आणि गोल टोकापासून दूर जातो. वरून पाहिले तर दुरुस्ती नेटकी दिसते, पण रिंग झाकणाला टेकतच नाही आणि दाब धरत नाही. म्हणून शेवटी ट्रॅक्शन सैल करून सर्जन थांबतात आणि पाहतात: गोल टोक वर येते, लॅब्रमची कड त्याच्यावर सर्व बाजूंनी टेकते, मधली फट मिटते. ती मिटली नाही तर टाका पुन्हा घालायचा.

काम इथे संपत नाही

यानंतर ट्रॅक्शन काढून गुडघा आणि खुबा वाकवतात आणि हाडाच्या मानेवरचा कॅम उंचवटा घासून काढतात. हे काम मोजून-मापून करावे लागते. कमी घासले तर टक्कर तशीच राहते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे हेच सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. जास्त घासले तर मान कमकुवत होऊन मोडू शकते, किंवा गोल टोक लॅब्रमवर नीट टेकत नाही. मागच्या-वरच्या बाजूने गोल टोकाकडे जाणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्याही सांभाळाव्या लागतात. घासून झाले की पाय हलवून, वळवून, दुर्बिणीतून पाहत टक्कर उरली आहे का ते तपासतात.

शेवटी आवरण. आत काम करण्यासाठी सांध्याचे जे आवरण कापलेले असते त्यात शरीरातला सर्वांत बळकट अस्थिबंध असतो. पूर्वी ते उघडेच सोडत. तसे केल्याने काहींचा खुबा अस्थिर होतो, हे कळल्यावर आता ते पुन्हा शिवून बंद करण्याकडे कल आहे.

निकाल काय सांगतात?

सर्वांत मोलाचा पुरावा ब्रिटनमधून आला. डेमियन ग्रिफिन यांच्या नेतृत्वाखाली २३ रुग्णालयांतील ३४८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला खास त्यांच्यासाठी आखलेली फिजिओथेरपी. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. शून्य ते शंभर गुणांच्या प्रश्नावलीत शस्त्रक्रियेचा गट वर्षभरात सरासरी ३९.२ वरून ५८.८ वर गेला, व्यायामाचा गट ३५.६ वरून ४९.७ वर. सुरुवातीचे फरक जुळवून घेतल्यावर शस्त्रक्रियेची आघाडी ६.८ गुणांची राहिली. रुग्णाला जाणवेल इतका हा फरक आहे, पण सहाच्या आसपासच्या त्या किमान उंबरठ्याच्या जरासाच वर. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत २२२ रुग्ण होते. तिथे शस्त्रक्रियेनंतर सुमारे निम्म्या रुग्णांना आणि व्यायामानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अर्थपूर्ण सुधारणा मिळाली.

या आकड्यांतून दोन गोष्टी एकदम दिसतात. सरासरीने शस्त्रक्रिया व्यायामापेक्षा जास्त देते. पण व्यायामानेही बऱ्याच जणांना फरक पडतो, आणि शस्त्रक्रियेनंतरही सरासरी रुग्ण शंभराच्या जवळ जात नाही. ‘ऑपरेशन झाले की पहिल्यासारखे’ हे आश्वासन कोणी देत असेल तर त्याला पुराव्याचा आधार नाही.

शिवावा की कापून टाकावा, यावरचा पुरावा असा आहे. बर्नमध्ये, उघड्या शस्त्रक्रियेत, लॅब्रम परत जोडलेल्या खुब्यांपैकी ८० टक्के दोन वर्षांनी उत्तम निघाले. कापून टाकलेल्यांपैकी २८ टक्के. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दुर्बिणीने केलेल्या एका छोट्या चाचणीतही शिवण्याचा निकाल सरस ठरला. म्हणून शिवण्याजोगा लॅब्रम शिवावा, हा आजचा प्रघात आहे. मात्र २०१७ च्या अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात लॅब्रम शिवलेले आणि लॅब्रम नुसता साफ केलेले रुग्ण यांच्यात फरक दिसला नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना दहा वर्षांत सांधा बदलावा लागला होता, आणि तो कोणाला लागेल हे टाक्यावरून ठरले नव्हते. ते ठरले होते वयावरून, सांध्यातली फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी होती का यावरून, आणि कूर्चा आधीच किती खराब होती यावरून.

खेळाडूंच्या गोष्टींतला विरोधाभासही असाच पाहायला हवा. बेसबॉलपटू अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जच्या लॅब्रमवर मार्च २००९ मध्ये मार्क फिलिपॉन यांनी शस्त्रक्रिया केली. मे महिन्यात तो मैदानात होता. टेनिसपटू अँडी मरेच्या खुब्यावर जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने त्याला गोल टोकावर धातूचे आवरण बसवून घ्यावे लागले. दोन्ही अव्वल खेळाडू, दोघांना जगातली उत्तम वैद्यकीय मदत. अशा एकेका नावावरून आपला निर्णय घेऊ नये. डेन्मार्कमध्ये १८ ते ३० वयाच्या १८९ खेळाडूंना विचारले तेव्हा ५७ टक्के आपल्या जुन्या खेळात जुन्या पातळीवर परतले होते. पण सर्वोत्तम कामगिरी करतो आहोत, असे सहांपैकी जेमतेम एकानेच सांगितले.

कोणाच्या वाट्याला काय?

झीज फार झालेली नाही, टक्कर स्पष्ट आहे, तक्रार आणि तपासणी जुळते, व्यायाम मनापासून करूनही काही महिने फरक पडला नाही: अशा रुग्णाला दुरुस्तीचा फायदा मिळण्याची शक्यता सर्वांत चांगली. याउलट फट अरुंद झालेली असेल, कूर्चा झिजून हाड उघडे पडले असेल तर रिंग शिवून उपयोग नाही.

आणखी एका गटाबद्दल सावध राहावे लागते. काहींची खोबण जन्मतःच उथळ असते. गोल टोक पुरेसे झाकले जात नसल्याने लॅब्रमवर जास्त ताण येतो, तो जाड होतो आणि मग फाटतो. इथे नुसता लॅब्रम शिवला तर अस्थिरता कायम राहते, कधी वाढतेही. अशांना खोबणीचीच दिशा बदलणारी मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. ती पद्धतही गान्झ यांनीच १९८० च्या दशकात बसवली.

सर्जनचा अनुभवही मोठा घटक आहे. न्यूयॉर्क राज्यातील हजारो शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पाचशेहून अधिक खुबे केलेल्या सर्जनांच्या रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. सहा हजारांवर रुग्णांच्या एका आढाव्यात गंभीर गुंतागुंत एक टक्क्याहून कमी होती, पण सुमारे सहा टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती.

नंतरचे सहा महिने

घरी येताना कुबड्या असतात. साधारण दोन ते तीन आठवडे पाऊल पूर्ण टेकवायचे, पण त्यावर थोडाच भार द्यायचा. आवरण आणि लॅब्रम एकमेकांना चिकटू नयेत म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कोणीतरी पाय धरून हळुवार गोलाकार फिरवून द्यायचा असतो. घरातल्या माणसाने हे शिकून घेतले तर मोठी मदत होते. भार न घेता व्यायामाची सायकलही लवकर सुरू करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत खुबा फार वाकवायचा नाही, म्हणजे आपल्याकडच्या घरांत जमिनीवर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे आणि भारतीय पद्धतीचा संडास काही काळ बंद. शस्त्रक्रियेआधीच कमोडची सोय करून ठेवावी. धावणे साधारण तीन महिन्यांनी, खेळ चार ते सहा महिन्यांनी, तेही ताकद मोजून.

टाके चांगले पडले, पण नितंबाचे स्नायू पुन्हा उभे केले नाहीत, तर रुग्णाला निकाल वाईटच मिळतो. म्हणून या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती तीन कामांचा संच आहे असे समजावे: योग्य रुग्ण निवडणे, टक्कर काढून रिंग जागेवर बसवणे, आणि महिनोन्‌महिने सांधा घडवणे. यांतले दुर्बिणीने होते ते फक्त मधले काम. उरलेल्या दोन्हींत रुग्णाचा स्वतःचा मोठा वाटा आहे, आणि तो त्याने ठामपणे उचलावा.

चौकट: होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

• माझे दुखणे लॅब्रममुळेच आहे, हे एमआरआयखेरीज कशावरून ठरवले?

• माझ्या सांध्यातली फट किती आहे आणि कूर्चेची अवस्था काय आहे?

• लॅब्रम फाटण्याचे कारण काय? कॅम, पिन्सर की उथळ खोबण? ते कारणही दूर करणार का?

• खुब्यासाठी आखलेली फिजिओथेरपी मी पुरेसा काळ केली आहे का?

• आत गेल्यावर लॅब्रम शिवण्याजोगा नसेल तर काय करणार?

• आवरण बंद करणार का?

• आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत आणि किती रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली?

• माझे वय, माझे काम आणि माझा सांधा पाहता, वर्षभरानंतर मी कोणत्या सुधारणेची अपेक्षा ठेवू?